गळालेला अ

दोन विद्वान अकरा वर्षं एका क्रियापदावरून भांडताहेत असं बाईंनी कुणाला सांगितलं की ऐकणारा हसायचा. बाईंना हसू येत नसे. त्या अकरा वर्षांचं पानन् पान त्यांनी लाल पेनाने तपासलं होतं.

ख्रिस्ती धर्मशास्त्र महाविद्यालयाच्या तळमजल्यावर, ग्रंथालयाच्या मागे, प्रकाशन विभागाची खोली होती. विभाग म्हणजे दोन टेबलं, एक कपाट, कोपऱ्यात रचलेली कागदाची रिमं आणि एक खिडकी, जिच्यातून सायकलस्टँड दिसे. एका टेबलाशी संगणकावर पानं लावणारा गृहस्थ बसे. त्याच्या कानात कायम गाणी चालू असत, त्यामुळे तो सुखी होता. दुसऱ्या टेबलाशी बाई. एकोणीस वर्षं त्या तिथे छपाईआधीची मुद्रितं तपासत होत्या. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, एकही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवत नसत. बाकी अभिमान वाटावा असं आयुष्यात फारसं उरलं नव्हतं.

महाविद्यालयातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद बाईंच्या टेबलावरून जाई. हा नियम एका जुन्या फजितीतून आला होता. आधीच्या प्राचार्यांच्या निरोपसमारंभाची निमंत्रणं बाईंना न दाखवता छापली गेली आणि त्यात 'निवृत्तीनिमित्त'च्या जागी 'निधनानिमित्त' पडलं. प्राचार्यांना स्वतःच्या घरी आलेले चार हार परत पाठवावे लागले. तेव्हापासून साधी सुट्टीची सूचनासुद्धा बाईंच्या 'तपासले' या शिक्क्याशिवाय फळ्यावर लागत नसे.

आता ते दोन विद्वान. त्यांना नावं होती, पदव्या तर ओळीने होत्या, पण बाई मनातल्या मनात एकाला ठरवे म्हणत आणि दुसऱ्याला घडवे. कारण साधं होतं. बायबलमधल्या एका पत्रात प्रेषिताने लिहून ठेवलंय की माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, कर्माने नव्हे. ठरवे सरांचं म्हणणं, मूळ भाषेतला तो शब्द कोर्टातला आहे. न्यायाधीश निकाल देतो. समोरचा माणूस होता तसाच असतो, तितकाच पापी, पण देव त्याला नीतिमान 'ठरवतो' आणि प्रकरण संपतं. घडवे सरांना हे ऐकूनच मळमळे. देव काय खोटा दाखला देणारा कारकून आहे, असं ते विचारत. देव ज्याला नीतिमान म्हणतो त्याला तो आतून तसा 'घडवतो', नाहीतर त्या म्हणण्याला अर्थ काय?

झालं. एवढंच. पण एवढ्यावर दोघांनी जे गुऱ्हाळ लावलं होतं त्याला तोड नव्हती. त्याला पुढे फाटे फुटले होते. 'ख्रिस्ताचा विश्वास' म्हणजे माणसाने ख्रिस्तावर ठेवलेला विश्वास, की ख्रिस्ताने स्वतः पाळलेली निष्ठा? या एका 'चा'वर ठरव्यांच्या चाळीस तळटीपा होत्या आणि घडव्यांच्या बेचाळीस. बेचाळीस अशासाठी की चाळीस मोजून झाल्यावर घडव्यांनी दोन जास्तीच्या टाकल्या. 'चा'ला काना होता की नाही एवढंच बाईंनी त्यात पाहिलं. होता.

शेवटी संस्थेने वैतागून ठरवलं की दोघांचं म्हणणं एकाच पुस्तकात छापून टाकावं. अर्धं पुस्तक यांचं, अर्धं त्यांचं, पानं समान. सोमवारी ते छपाईला जायचं होतं. तीनशे प्रती निघणार होत्या, त्यातल्या दोनशे प्रकाशन समारंभाच्या पाहुण्यांना शालीऐवजी मिळणार होत्या. पाहुण्यांनी शालच मागितली असती, असं बाईंचं मत होतं.

बाईंना या दोघांचा राग येत नसे. राग यायला समोरच्याला थोडी तरी किंमत द्यावी लागते. दोघांची कीव यावी असंही काही नव्हतं. दोघं धडधाकट होते, भरल्या पोटी होते, कृपेवर व्याख्यान देऊन आले की चहा थंड आहे म्हणून शिपायाला फैलावर घेणारे होते. ठरवे सर तर पाप्याला फुकट मिळणाऱ्या क्षमेवर तास घ्यायचे आणि दोन मिनिटं उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला दाराबाहेर उभं करायचे. घडवे सर माणूस आतून बदलतो असं शिकवायचे, पण गेल्या अकरा वर्षांत त्यांच्यात बदललेली एकच गोष्ट बाईंना दिसली होती, ती म्हणजे चष्मा. या असल्या माणसांच्या हातून शब्दांचा कीस पडत होता आणि तो गोळा करायला बाई बसल्या होत्या.

अशातच प्रार्थनागृहाच्या सेवकाची जागा रिकामी झाली. काम म्हणाल तर पहाटे दारं उघडायची, घंटा द्यायची, बाकं पुसायची, झाडलोट करायची. मागे राहायला एक खोली. या जागेसाठी तीन अर्ज आले. त्यातला एक बाईंच्या धाकट्या भावाचा होता.

हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. भाऊ त्यांच्याच घरी, मागच्या खोलीत राहत होता. पंधरा दिवसांपूर्वी त्याने येऊन सांगितलं होतं की मी अर्ज करतोय. बाई म्हणाल्या होत्या, कर. त्या दोघांत बोलणं असं एवढंच होत असे.

सात वर्षांपूर्वी हीच जागा त्याची होती. दारंही तोच उघडायचा आणि महाविद्यालयाची गाडीही तोच चालवायचा. आणि प्यायचा. एका दुपारी छापखान्यातून मुद्रितांचे गठ्ठे घेऊन येताना बाई त्याच्या शेजारी बसल्या होत्या. त्याच्या तोंडाला वास येत होता आणि त्या मूग गिळून बसल्या, हा त्यांचा स्वतःवरचा राग. गाडी विजेच्या खांबावर गेली. मुद्रितं रस्ताभर उडाली. बाईंच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तेव्हापासून वाकत नव्हती. पेन धरलं की ती दोन ताठ बाहेर राहत. नवीन माणसांना ती त्यांची लकब वाटे. पण दिवसातून जितक्या वेळा त्या पेन उचलत, तितक्या वेळा त्यांना तो खांब आठवे, आणि मुद्रितं तपासणारी बाई दिवसातून किती वेळा पेन उचलते याला काही मोजमाप नाही.

भावाची नोकरी गेली, प्रार्थनागृहात पाऊल ठेवायला बंदी झाली. तीन वर्षं तो आणखी प्याला. मग एके दिवशी सोडली, का सोडली ते सांगितलं नाही. आता चार वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करत होता. दर रविवारी तो स्वच्छ सदरा घालून प्रार्थनागृहाच्या फाटकापर्यंत जाई, बाहेरून गाणं ऐके आणि परत येई. कुणी आत ये म्हटलं नाही. बाई आत, पुढून तिसऱ्या बाकावर बसलेल्या असत. त्यांनीही म्हटलं नाही. त्या त्याला जेवायला वाढत, कपड्यांचं पाहत, ताप आला तर औषध आणत. माफी मात्र त्यांनी कधी वाढली नाही, आणि त्यानेही ताट पुढे केलं नव्हतं.

त्याला काम दुसरीकडेही मिळालं असतं. इस्त्रीचा हात चांगला होता. त्याला हेच काम हवं होतं, कारण या कामात दाराच्या आत जाता येणार होतं.

अर्ज पाहायला तीन जणांची समिती होती. प्राचार्य, ठरवे आणि घडवे. प्राचार्य मवाळ गृहस्थ होते. दोघा विद्वानांनी जे लिहून आणावं त्याच्यावर, बाईंचा शिक्का बघून, सही करायची हे त्यांचं धोरण. बाकी दोन अर्जदारांपैकी एकाने दुसरीकडे नोकरी धरली आणि दुसऱ्याला खोली लहान वाटली. उरला धाकटा. त्याला नाकारायचं आणि नव्याने जाहिरात द्यायची, हे दोघा विद्वानांनी शुक्रवारी दुपारी पाच मिनिटांत ठरवलं. अकरा वर्षांत त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट होती.

पत्र कारकुनाने लिहून दिलं. पण ते घेऊन दोघं जिना उतरून प्रकाशन विभागात आले तेव्हाच बाईंना कळलं की काहीतरी अडलंय. नकार ठरला होता, क्रियापद ठरत नव्हतं.

"बाई, भाषा हा तुमचा प्रांत," ठरवे सर म्हणाले आणि कागद टेबलावर ठेवला. अर्जदार या बाईंचा सख्खा भाऊ आहे, हे दोघांना माहीत होतं. त्या क्षणी ते त्यांच्या डोक्यातही नव्हतं. मनात येऊन त्यांनी ते दाबलं असतं तर बाईंनी निदान माणसं म्हणून त्यांची नोंद घेतली असती.

कारकुनाने लिहिलं होतं, 'अर्जदार या कामासाठी अपात्र आहे.' ठरव्यांना 'आहे' खटकलं. माणूस मुळात काय आहे हे सांगणारी समिती कोण? समिती फक्त ठरवू शकते. त्यांनी 'आहे' खोडून 'अर्जदारास समिती या कामासाठी अपात्र ठरवत आहे' असं केलं. घडव्यांनी ते सबंध वाक्य खोडलं. तुम्ही ठरवून कुणी अपात्र होत नाही, म्हणाले, आतून घडावं लागतं, आणि वर लिहिलं, 'अर्जदार अद्याप पात्र झालेला नाही.' ठरवे म्हणाले, 'अद्याप' म्हणजे पुढे होईल असं आश्वासन आपण देतोय काय? त्यांनी तेही खोडून खाली तिसरं वाक्य लिहिलं, 'अर्जदारास समिती या कामासाठी पात्र ठरवत नाही.'

बाई दोघांच्या मधे खुर्चीत बसून कोरा चेहरा करून ऐकत होत्या. शेजारी पानं लावणाऱ्याने गाण्याचा आवाज वाढवला.

घडव्यांनी चष्मा पुसला. 'ठरवत नाही' यातून समितीला ठरवताच आलं नाही असा अर्थ निघतो, ते म्हणाले, आणि दुर्दैवाने हे बरोबर होतं. नकार क्रियापदात नको, विशेषणात हवा. त्यांनी शेवटचा 'नाही' खोडला, त्यावर 'आहे' लिहिलं आणि 'पात्र'च्या आधी 'अ' घालायला पेन मागे आणलं. तेवढ्यात ठरवे सर हसले.

"म्हणजे 'ठरवत' शेवटी मान्य केलंत तर."

घडव्यांचं पेन हवेतच राहिलं. समिती ठरवते, देव घडवतो, ते म्हणाले, आणि तुमची समिती म्हणजे देव नव्हे. ठरवे म्हणाले, क्रियापद एकदा मान्य केलं की ते सगळीकडे मान्य करावं लागतं, सोयीपुरतं नव्हे. मग मूळ भाषा निघाली, मग जुना करार निघाला, मग आठ वर्षांपूर्वीच्या परिसंवादात कोण कुणाला काय म्हणालं ते निघालं. वीस मिनिटं हे चाललं. अखेर वरून चहाची घंटा झाली. ठरव्यांनी कागदाकडे पाहिलं, 'ठरवत' शाबूत आहे याची खात्री केली आणि कोपऱ्यात 'छापावे' लिहून सही केली. घडव्यांनी पाहिलं, 'नाही' गेलंय याची खात्री केली आणि सही केली. आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून चहाला गेले.

कागदावर दोन वाक्यं खोडलेली होती. खोडाखोडीतून वाचलेलं वाक्य असं होतं, 'अर्जदारास समिती या कामासाठी पात्र ठरवत आहे.'

बाईंना ते पहिल्या नजरेतच दिसलं. एकोणीस वर्षांत न दिसलेलं असं काही नव्हतंच. त्यांना हसू आलं, तेही चांगलं नाही. एवढे मोठे विद्वान, प्रत्येकाने फक्त दुसऱ्याचा शब्द पाहिला, वाक्य कुणीच वाचलं नाही. त्यांनी पेन उचललं. खांब आठवला. एक 'अ' घातला की काम संपत होतं.

धंद्याचा नियम त्यांना पाठ होता. मूळ लेखकाच्या शब्दाला हात लावायचा नाही. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि कागद परत पाठवायचा. अशी हजारो प्रश्नचिन्हं त्यांनी घातली होती. इथे तर शंकाही नव्हती. दोघांच्या मनात काय होतं हे त्यांनी कानांनी ऐकलं होतं. आणि खरं सांगायचं तर, भाऊ त्या कामाला पात्र आहे असं त्यांना स्वतःलाही वाटत नव्हतं. कुणी विचारलं असतं तर त्यांनी दोन बोटं पुढे केली असती.

'अ' घालण्याआधी नाव तपासावं म्हणून त्यांनी पत्राखाली टाचलेला अर्ज काढला. छापील नमुना त्यांचाच होता, रकाने त्यांनीच तपासलेले. भावाचं अक्षर शाळेतल्यासारखं गोल होतं. नाव, वय, सध्याचं काम. पुढचा रकाना 'पात्रता'. त्यात त्याने लिहिलं होतं, 'नाही. दारं वेळेवर उघडीन.'

त्याच्या बाजूला समासात दोन विद्वानांच्या नोंदी होत्या. घडव्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'स्वतःच कबूल करतो. बदल दिसत नाही.' आणि ठरव्यांनी शाईने, 'हा उद्धटपणा आहे. चांगल्या वर्तनाचे पुरावे जोडलेले नाहीत.'

बाईंनी ठरव्यांची नोंद दोनदा वाचली. मग त्या उठल्या, कपाटातून सोमवारी जाणाऱ्या पुस्तकाची शेवटची मुद्रितं काढली आणि ठरव्यांच्या भागातलं एकशे बारावं पान उघडलं. पान त्यांना आठवत होतं, कारण तिथे त्यांनी दोन स्वल्पविराम काढले होते. तिथे ठरव्यांनी चांगले तीन परिच्छेद भरून लिहिलं होतं की जो पुरावे घेऊन येतो तो न्यायासनासमोर बाद होतो, आणि जो रिकाम्या हातांनी येऊन माझ्याकडे काही नाही म्हणतो, त्याच्याच बाजूने निकाल लागतो. घडव्यांचं पान शोधायची गरज नव्हती. माणूस बदलतो यावर दोनशे पानं लिहिणाऱ्याला चार वर्षं न प्यायलेला माणूस दिसला नव्हता.

तिरस्कार असा त्यांना त्या क्षणी आला की तोंड कडू झालं. खोटं बोलणारी माणसं परवडली. ही माणसं खरं लिहीत होती, पुराव्यानिशी, तळटीपांनिशी, आणि आपण काय लिहिलंय ते त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं.

मग पान मिटता मिटता त्यांच्या लक्षात आलं की ते पान आपण सहा वेळा वाचलंय. सहा वेळा. आणि त्यातून काढले काय, तर दोन स्वल्पविराम. रविवारी फाटकाबाहेर स्वच्छ सदरा घालून कोण उभं असतं ते तिसऱ्या बाकावरून मान वळवली असती तर दिसलं असतं, आणि आपण मान वळवली नव्हती. दोघांना नावं ठेवायला त्या मोकळ्या होत्या. स्वतःला तिसरं नाव ठेवायचं राहून गेलं होतं. हे त्यांना अजिबात आवडलं नाही.

पानं लावणाऱ्याने कानातली गाणी काढून विचारलं, पत्र टाईप करायचंय का? टपाल पाचला जाईल.

"कर," बाई म्हणाल्या. "आहे तसं."

त्याने केलं. स्वच्छ कागदावर, महाविद्यालयाच्या नावाखाली, ते वाक्य अगदी खरं दिसत होतं. बाईंनी ते मूळ प्रतीशी ताडून पाहिलं. अक्षर न् अक्षर जुळत होतं. त्यांनी 'तपासले'चा शिक्का उचलला, शाईवर दाबला आणि मारला. एकोणीस वर्षांत जाणूनबुजून सोडलेली पहिली चूक. प्राचार्यांनी शिक्का पाहून सही केली आणि पत्र टपालात पडलं.

शनिवारी सकाळी दहा वाजता बाईंना वर बोलावणं आलं. प्राचार्यांच्या हातात कार्यालयीन प्रत होती आणि चेहरा उतरला होता. दोन्ही विद्वान समोर बसले होते. बाई, हे तुमच्या लक्षात आलं नाही, प्राचार्यांनी विचारलं, रागाने कमी आणि आश्चर्याने जास्त.

"मूळ प्रतीत अ नव्हता, सर," बाई म्हणाल्या. "वर दोघांच्या सह्या आहेत. छापावे म्हणून." आणि त्यांनी खोडाखोडीचा कागद टेबलावर ठेवला. यात खोटं काही नव्हतं, आणि खरंही पुरतं नव्हतं, हे त्यांना माहीत होतं.

घडवे सर लाल झाले. अ घालणारच होतो, म्हणाले, यांनी मधे तोंड घातलं. सुधारित पत्र आजच काढा, हे रद्द. प्राचार्यांना हायसं वाटलं. पत्र रद्द झालंच असतं. पण घडव्यांना तेवढ्यावर थांबवेना. अकरा वर्षांत अशी संधी आली नव्हती. ते ठरव्यांकडे वळले.

"का हो, तुमच्या पुस्तकाप्रमाणे आता तो पात्र झाला, नाही का? आतून काही नसताना, वरून नुसतं ठरवल्याने?"

ठरवे सरांना भाऊ नको होता. काल नको होता, आजही नको होता. पण हो म्हटलं तर भाऊ गळ्यात पडत होता, आणि नाही म्हटलं तर सोमवारी छपाईला जाणारं अर्धं पुस्तक खोटं ठरत होतं. त्यांनी फार वेळ घेतला नाही. माणसापेक्षा पुस्तकाची किंमत त्यांच्या मनात पक्की होती.

"झालाच," ठरवे म्हणाले. "निकाल दिला गेला. न्यायासन दिलेला निकाल लेखणी घसरली म्हणून मागे घेत नाही."

घडवे म्हणाले, झाला नाही, फक्त ठरला. ठरवे म्हणाले, मी दुसरं काय म्हणतोय? घडवे म्हणाले, मग कामावर येऊ दे त्याला, महिन्याभरात दिसेलच तुमचं ठरवणं काय लायकीचं आहे ते. ठरवे म्हणाले, येऊ देच. आणि एका माणसाची भाकर आणि दार या दोन गर्विष्ठांच्या हट्टावर, त्याला कुणी काही न विचारता, पक्कं झालं. प्राचार्यांनी कपाळ चोळलं आणि फाईल बंद केली. बाई जिना उतरून आपल्या टेबलाशी गेल्या.

दुपारी घरी पोचल्या तेव्हा भाऊ स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. पाकीट नीट, सुरीने कापून उघडलेलं. पत्र समोर पसरलेलं. त्याने ते किती वेळा वाचलं होतं कोण जाणे. बाईंनी पिशवी खुंटीला लावली, हात धुतले, चहाचं आधण ठेवलं. तो उठून उभा राहिला. पत्रावरच्या शिक्क्यावर त्याने बोट ठेवलं.

"ताई, हे तू तपासलंस?"

"मी नाही तर कोण तपासणार?"

"मग चूक नसेल," तो म्हणाला. तो हे स्वतःलाच सांगत होता, पण डोळे वर करून त्याने बाईंकडे पाहिलं. सात वर्षांत तो सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहत नसे, त्यांच्या हाताकडे पाहत असे आणि मग जमिनीकडे. "चूक नाहीये ना, ताई?"

आधणाला उकळी फुटली. बाईंनी गॅस बारीक केला. अ कुठे गळाला ते त्यांना माहीत होतं, कुणी गाळला ते माहीत होतं, कुणी गळू दिला तेही. त्यांच्यासारखी चूक पकडणारी बाई त्या गावात दुसरी नव्हती.

"नाही," त्या म्हणाल्या. "चूक नाही."

तो खाली बसला. कागदाची घडी घालायला गेला आणि ती त्याला धड घालता येईना. रोज शंभर चादरींच्या घड्या घालणारा माणूस. बाईंनी त्याच्या हातातून पत्र घेतलं, तीन बोटांनी घडी केली आणि पाकिटात सरकवलं. मग दोन कप काढले. एरवी त्याचा कप त्या मागच्या खोलीत नेऊन ठेवत. आज दोन्ही कप त्यांनी याच टेबलावर ठेवले आणि त्याच्या समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"म्हणजे मी पात्र आहे?" त्याने विचारलं.

"मुळीच नाहीस," बाई म्हणाल्या. "दारं साडेपाचला उघडायची असतात. चहा घे, निवतोय."